श्रमदान म्हणायचं की ऋणफेड?

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १० ते १६

देवांनी दिलेलं त्यांना काही परत न देता जो भोगतो तो चोरच, असं भगवंत बाराव्या श्लोकात सांगतात. शब्द कडक आहे. आणि गंमत अशी, की असा शब्द वाचला की डोळ्यांपुढे आधी दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा येतो.

आमच्या मालवण पट्ट्यात गणपती पोचवून झाले की पाऊस उणावतो आणि ऊन चटके द्यायला लागतं. देवळामागच्या गावच्या फुलबागेत पावसाळाभर गवत माजलेलं असतं, गडगा दोन-चार ठिकाणी ढासळलेला असतो. रविवारी सात-आठ माणसं जमतात. कोणी बेणतं, कोणी गडग्याचे दगड परत रचतं, कोणी शेणखत घालतं. दसऱ्याला गोंडे फुलायला हवेत ना! मजुरी कुणालाच नाही. आणि रोज पहाटे भलतीच माणसं परडी घेऊन येतात, जास्वंद, तगर, अबोली भरून नेतात. परवा एक काकी बेणता बेणता म्हणाल्या, "आमी बेणूचा आणि ह्येंनी खुडूचा, हो खयचो न्याय?"

प्रश्न साधा नाही. सगळ्यांनी नुसतंच खुडलं तर बाग उरणार नाही. कोकणातल्या देवराया टिकल्या त्या गावाने नियम पाळला म्हणून. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही, कित्येक ठिकाणी वाळलेलं लाकूडही घरी न्यायचं नाही, अगदीच गरज पडली तर आधी देवाचा कौल घ्यायचा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा ही शिस्त त्यांनी नोंदवून ठेवली. सर्वांचं जे आहे त्याला नियम लागतोच. म्हणून "कळ्या तोडू नका, एका घराला एकच परडी" हे तोंडावर सांगण्यात काहीच पाप नाही.

पण काकींचं दुखणं नियमापाशी थांबत नाही. 'मी राबले, म्हणून फूल माझं' असं ते आहे. सत्यभामेचं तरी वेगळं काय होतं? पारिजातक तिच्या अंगणात आणि सडा रुक्मिणीच्या दारात! झाड लावून घेतलं म्हणजे फुलांवर आपला हक्क बसला, असं तिला वाटलं. झाडाने मात्र तो हिशोब मानला नाही.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. सतराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी यज्ञ आणि दान यांचा अर्थ फार सोपा करून सांगितला आहे. आपण सृष्टी वापरतो, त्यात तिची झीज होते. ती भरून काढणं म्हणजे यज्ञ. समाजाकडून आपण जन्मापासून घेत आलो. ते फेडणं म्हणजे दान. दान हा कुणावर केलेला उपकार नव्हेच.

आता बागेकडे पाहा. विहीर खणली कोणी? प्राजक्त लावला कोणी? ज्या पावसाने माती भिजली, त्याचं बिल कुणाला आलं? पहिली कुदळ मारण्याआधीच आपण कितीतरी घेऊन बसलेलो आहोत. मग रविवारचे ते दोन तास दान कसले, तो तर कर्जाचा एक हप्ता! आणि हप्ता भरणारा माणूस रांगेतल्या पुढच्याला "तू भरलास का?" असं विचारत नाही.

मग नुसतं खुडणारा सुटला का? नाही. त्याचं ऋण त्याच्या माथ्यावर आहेच. फक्त त्याची वही आपल्या हातात नाही. परडी घेऊन येणारी बाई कदाचित घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करत असेल. तिचा हप्ता ती तिकडे भरत असेल. नसेलही. 'चोर' हा शब्द भगवंतांनी आपल्याला आरसा म्हणून दिलाय. तो दुसऱ्यावर उगारायची काठी केला, की श्लोक वाचूनही आपण कोरडेच राहतो.

थोड्याच दिवसांत कोजागरी येईल. कोकणात कित्येक घरी त्या दिवशी 'नवं' करतात. नव्या भाताची लोंबी आंब्याच्या पानांसह दाराला बांधायची, देवाला दाखवायची, आणि मग नवा भात ताटात घ्यायचा. शेत आपलं, घाम आपला, तरी पहिला घास आपला नाही. बाराव्या श्लोकाचा अर्थ आपल्या आजीला असा दारावर बांधता येत होता.

आजचं मनन : देवासमोर फूल ठेवण्याआधी क्षणभर थांबावं. हे माझ्यापर्यंत कुणाकुणाच्या हातून आलं? त्यातलं मी आज काय परत करणार? दुसऱ्याचं उत्तर शोधायचं नाही. आपलं सापडलं तरी दिवस सार्थकी लागला.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥