तुरुंगातली राखी

मध्य प्रदेशातल्या उदयनगर भागात केरळहून आलेल्या सिस्टर राणी मारिया आदिवासी शेतकऱ्यांमध्ये काम करत. त्यांच्या धडपडीने बचतगट उभे राहिले, बँकेचं कर्ज मिळू लागलं आणि गोरगरिबांची सावकाराकडची फेरी चुकू लागली. हे काहींच्या डोळ्यांत खुपलं. 25 फेब्रुवारी 1995 रोजी सिस्टर बसने इंदूरला निघाल्या असताना, चिथावलेल्या एका तरुणाने सर्वांदेखत सुरा काढून त्यांचा खून केला.

तरुणाला जन्मठेप झाली. पण तुरुंगात त्याला पश्चात्तापापेक्षा संताप जास्त होता. ज्यांनी आपल्याला भरीस घातलं, त्यांना सुटल्यावर जिवंत सोडायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. एका खुनाच्या पोटात दुसरा खून वाढत होता.

राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल हीसुद्धा धर्मभगिनी. सख्ख्या बहिणीच्या मारेकऱ्याचं तोंड पाहू नये, असं तिला वाटलं असतं तरी कोणी नावं ठेवली नसती. पण 2002 साली राखीपौर्णिमेच्या सुमारास ती इंदूरच्या तुरुंगात गेली. तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली आणि त्याला भाऊ मानलं. तो ढसाढसा रडला.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यातला सूड उतरत गेला. त्याची लवकर सुटका व्हावी म्हणून राणी मारियांच्या माणसांनीच शब्द टाकला. 2006 साली तो सुटला. बाहेर आल्यावर त्याने चिथावणाऱ्यांचा माग काढला नाही; तो केरळला राणी मारियांच्या आईवडिलांची माफी मागायला गेला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरला चर्चने राणी मारियांना धन्य घोषित केलं, तेव्हा तोही तिथे हजर होता.

सात वेळा क्षमा केली तर पुरे का, असं पेत्र या शिष्याने येशूला विचारलं होतं. येशूने त्याला असा आकडा सांगितला, की मोजणंच सोडून द्यावं. सेल्मीने तेच केलं. तिने गुन्ह्याला गुन्हाच म्हटलं, शिक्षाही त्याने अकरा वर्षं भोगली. तिने सोडला तो फक्त वैराचा हक्क. त्यामुळे ती स्वतः कडवटपणातून सुटली, आणि तोही माणसांत आला.

तात्पर्य : सूड एका घरातलं दुःख दुसऱ्या घरात नेतो, क्षमा दोन्ही घरांना बरं करते.