अपराध्याला शिक्षा हवी. पण कोणाच्या हातून?

धम्मबंधू-भगिनींनो, एखाद्या जुलमी राज्यकर्त्याला दुसऱ्या देशाच्या सैन्याने चालून जाऊन पकडून नेले, तर आपण आनंद मानावा काय? प्रश्न दूरचा वाटेल. पण तो न्यायाचा आहे, म्हणून धम्माचाही आहे.

पनामाचे उदाहरण घ्या. तेथील सत्ताधीश जनरल नोरिएगा काही सज्जन नव्हता. मे १९८९ ची निवडणूक त्याच्या राजवटीने रद्द केली. २० डिसेंबर १९८९ रोजी अमेरिकेचे सैन्य पनामात घुसले. नोरिएगाने व्हॅटिकनच्या वकिलातीत आसरा घेतला व ३ जानेवारी १९९० रोजी तो शरण आला. त्याला राष्ट्रप्रमुख म्हणून आमची मान्यताच नाही, असे अमेरिकेने म्हटले. तिच्याच न्यायालयाने ते मानले आणि १९९२ साली त्याला अंमली पदार्थांच्या खटल्यात ४० वर्षांची सजा दिली. अनेक पनामावासीयांना आनंद झाला, हे खरे. पण त्या स्वारीत शेकडो माणसे मेली, एल चोरिल्लो ही गरिबांची वस्ती जळाली. त्यांचा अपराध कोणता?

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) दुसऱ्या राष्ट्रावर बळाचा वापर निषिद्ध मानते. स्वसंरक्षण आणि सुरक्षा समितीची परवानगी एवढेच त्याला अपवाद. आमसभेने ७५ विरुद्ध २० मतांनी या स्वारीचा निषेध केला. सुरक्षा समितीतील ठराव मात्र अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांनी नकाराधिकाराने पाडला. ज्याच्यावर आरोप, त्याच्याच हाती निवाडा!

मग जुलमी मोकळाच सुटावा काय? मुळीच नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००२ साली काँगो-बेल्जियम खटल्यात स्पष्ट केले, की पदावरील परराष्ट्रमंत्र्यासारख्या उच्चपदस्थाला परदेशी न्यायालयांपासून मिळणारे संरक्षण म्हणजे गुन्ह्याची माफी नव्हे. स्वदेशात, किंवा अधिकार असलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे खटला चालू शकतो. मार्च २०२५ मध्ये फिलिपीन्सचे माजी अध्यक्ष दुतेर्ते यांना त्यांच्याच देशाच्या पोलिसांनी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या वॉरंटावर पकडून हेगला पाठविले. त्यासाठी कोणाची वस्ती जाळावी लागली नाही.

हा मार्ग लांबचा आहे. पीडितांना तोवर सोसावे लागते, हेही कबूल केले पाहिजे. तथागतांची अहिंसा दुबळी नव्हती. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात बाबासाहेबांनी सेनापती सिंहाचा प्रसंग सांगितला आहे. अपराध्याला दंड देणाऱ्या न्यायाधीशाला तथागत दोष देत नाहीत. कारण तो कायदा अमलात आणतो. सारे मर्म या 'कायदा' शब्दात आहे. जो स्वतःच फिर्यादी, स्वतःच पोलीस आणि स्वतःच न्यायाधीश होतो, तो कायदा पाळत नाही, हुकूम चालवतो.

हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. ज्याच्या हाती काठी त्याचाच निवाडा, ही गावगाड्याची रीत आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगली. आज ती काठी जुलमी माणसाच्या पाठीवर पडली म्हणून आपण टाळ्या वाजविल्या, तर उद्या ती दुबळ्याच्या पाठीवर पडताना कोणत्या तोंडाने अडविणार?