निनावी पक्षाचा पक्षपात

दिल्लीच्या मंडी हाऊस चौकात रवींद्र भवन उभे आहे. साहित्य, संगीत-नाटक आणि ललित कला या तिन्ही राष्ट्रीय अकादमींचे वास्तव्य तेथे आहे. हाकेच्या अंतरावर राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे आणि त्याच परिसरात, कोपर्निकस मार्गावर, दूरदर्शनचे मुख्यालय आहे. नाट्यकला आणि शासनसंस्था यांचा असा शेजार अन्यत्र क्वचितच आढळेल. या शेजारातून एक नैतिक प्रश्न पुनःपुन्हा उद्भवत आला आहे. राज्यकारभार हाच ज्यांचा विषय, अशा दूरचित्रवाणी नाट्यांनी पक्ष घ्यावा काय? आणि घेतला, तर तो प्रेक्षकाने ओळखावा कसा?

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचा आरंभ झाला. १९९० मध्ये संमत झालेला प्रसार भारती कायदा प्रत्यक्ष अमलात येण्यास १९९७ साल उजाडले. तोवर हे माध्यम माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या थेट नियंत्रणाखाली होते. साहजिकच, पक्षपात म्हणजे सत्ताधाऱ्यांची भलावण असे समीकरण जनमानसात रूढ झाले. ते निराधार नव्हते; आणीबाणीचा अनुभव त्यामागे होता. परंतु भलावण ओळखता येते. ती उघड असते आणि म्हणूनच तिचा प्रभाव मर्यादित राहतो. खरी कसोटी लागते ती जेथे कोणत्याही पक्षाचे नावच घेतलेले नसते, अशा नाट्यात.

ब्रिटनमधील ‘येस मिनिस्टर’ ही मालिका या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. १९८० पासून प्रक्षेपित झालेल्या या मालिकेत मंत्र्याचा पक्ष कधीच सांगितला गेला नाही. त्यामुळे ती निःपक्षपाती मानली गेली. तथापि तिच्या रचनेतच एक सिद्धान्त गृहीत धरलेला होता. शासनयंत्रणा लोकहितासाठी नव्हे, तर स्वतःच्या विस्तारासाठी चालते. निवडून आलेला मंत्री दुबळा असतो आणि त्याचा सचिव त्याला लीलया खेळवतो. शासनाचा व्याप कमी करावा, असे प्रतिपादन त्याच दशकात तेथील राजकारणात प्रबळ होत होते. तत्कालीन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची ही आवडती मालिका होती आणि जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी तिच्या प्रमुख नटांसमवेत एक छोटा प्रवेशही सादर केला, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. पक्ष अनाम राहिला, विचारप्रणाली मात्र अनाम राहिली नाही.

२००१ मध्ये ‘जी मंत्रीजी’ या नावाने हीच मालिका हिंदीत, ‘स्टार प्लस’ वाहिनीवर अवतरली. फारूक शेख यांनी मंत्री सूर्यप्रकाश सिंह आणि जयंत कृपलानी यांनी सचिव राजनाथ माथुर या भूमिका केल्या. विनोद तोच होता. भूमी बदलली होती. ब्रिटनमधील सचिव आपल्या स्थानी सुरक्षित असतो, मंत्री येतात आणि जातात. भारतात सनदी सेवकाच्या मस्तकावर बदलीची तलवार सदैव टांगलेली असते आणि तिची मूठ बहुधा राजकीय सत्तेच्या हाती असते. ज्या व्यवस्थेत अधिकाऱ्याला मंत्र्याचे भय अधिक, तेथे मंत्र्याला असहाय दाखवणे म्हणजे त्याला नकळत दोषमुक्त करणेच होय. एकच कथानक एका देशात सत्तेवरील टीका ठरते आणि दुसऱ्या देशात सत्तेची सोय होऊन बसते. पक्षपात संवादांमध्ये शोधून सापडत नाही तो असा. कोण कर्ता आणि कोण बाहुले, या मांडणीतच तो दडलेला असतो.

याहूनही प्रचलित असा एक अनाम पक्ष आहे. ‘सारे राजकारणी सारखेच’ हे त्याचे ब्रीद. मनोहर श्याम जोशी यांच्या १९८८ मधील ‘कक्काजी कहिन’ मालिकेत ओम पुरी यांनी रंगवलेला पुढारी प्रेक्षकांना ओळखीचा वाटला, तो त्याच्या लकबींमुळे. उपहासाची ती परंपरा निकोप आहे, कारण उपहास करणाराची मूल्यांवर श्रद्धा असते. पण जानेवारी २०२१ मध्ये आलेली, राजधानीतील सत्तासंघर्ष चितारणारी ‘तांडव’ ही मालिका पाहता उपहासाची जागा केवळ अविश्वासाने घेतल्याचे जाणवते. तेथे जवळजवळ प्रत्येकाला खुर्ची हवी आहे. खुर्ची कशासाठी, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. शेतकरी आणि विद्यार्थी यांची आंदोलनेही पटावरील सोंगट्या ठरतात. ही मालिका कोणत्या पक्षाची, हे सांगता येणार नाही. परंतु राजकीय कृती मुळातच निरर्थक आहे, अशी समजूत प्रेक्षकाच्या मनात दृढ करणे हे तटस्थतेचे लक्षण नव्हे. नागरिक घरी बसला की ज्यांचे फावते, त्यांचाच तो पक्ष.

या मालिकेवर आक्षेप घेतला गेला तो मात्र धार्मिक भावना दुखावल्याचा. लखनौ, ग्रेटर नोएडा आदी ठिकाणी गुन्हे दाखल झाले, निर्मात्यांनी क्षमायाचना केली, आक्षेपित दृश्ये वगळली गेली. कलाकृतीच्या विचारप्रणालीची चर्चा व्हावी तेथे पोलिसांत तक्रार झाली आणि चर्चा राहूनच गेली. पक्षपाताचा न्याय शासनाने करावा, ही अपेक्षाच सदोष आहे. ज्याचे चित्र रेखाटले आहे त्यालाच चित्राचा परीक्षक नेमता येत नाही.

मग न्याय कोणी करावा? ‘तमस’च्या खटल्यात याचे उत्तर अंशतः मिळते. भीष्म साहनी यांच्या या कादंबरीला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला होता. गोविंद निहलानी यांनी तिच्यावर बेतलेली मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवरून दाखवली जाऊ लागली, तेव्हा ती थांबवण्यासाठी न्यायालयात धाव घेण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि बंदी नाकारली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही याचिका फेटाळली. त्या वेळी आधार घेण्यात आला तो न्यायमूर्ती विवियन बोस यांनी स्वातंत्र्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयात मांडलेल्या निकषाचा. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस आणि खंबीर मनाच्या माणसावर. प्रत्येक विरोधी मतात संकट पाहणाऱ्या दुर्बळ मनावर नव्हे. न्यायालयाने येथे प्रेक्षकाला प्रौढ मानले.

प्रेक्षक प्रौढ, तर नाटककाराचे उत्तरदायित्व वाढते. ‘तमस’मधील जिल्ह्याचा उपायुक्त रिचर्ड हे त्याचे उत्तम उदाहरण. दंगल टाळण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती आहे, असा तो शासनकर्ता. तो राक्षस नाही. इतिहास आणि पुरावशेष यांत त्याला रस आहे. आपल्या निष्क्रियतेचे सुसंगत तर्कशास्त्र त्याच्यापाशी आहे. लेखक ते तर्कशास्त्र पूर्णपणे मांडू देतो आणि म्हणूनच त्याचा अपराध अधिक भीषण वाटतो.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. प्रत्येक पक्षाला समान न्याय देण्याच्या नादात अन्यायी आणि अन्यायग्रस्त यांना एकाच तागडीत तोलले जाणार नाही काय? आक्षेप रास्त आहे. परंतु प्रतिपक्षाची बाजू समजून घेणे आणि तिला मान्यता देणे या भिन्न गोष्टी आहेत. रिचर्डला कारण मिळते, क्षमा मिळत नाही. कलावंताने स्वतःचे मत सोडावे, अशी अपेक्षाच नाही. अमेरिकेतील ‘द वेस्ट विंग’ (१९९९–२००६) या मालिकेने राष्ट्राध्यक्षाला उघडपणे डेमोक्रॅटिक पक्षाचा दाखवले. अखेरच्या पर्वात मात्र विरोधी पक्षाच्या उमेदवाराला बुद्धी, सचोटी आणि प्रतिष्ठा बहाल केली. घोषित केलेल्या पक्षाशी वाद घालता येतो. लपवलेल्या पक्षाशी तो घालता येत नाही.

२०१४ मध्ये राज्यसभा वाहिनीने श्याम बेनेगल यांच्या दिग्दर्शनाखाली ‘संविधान’ ही दहा भागांची मालिका सादर केली. डॉ. आंबेडकरांची भूमिका सचिन खेडेकर यांनी केली होती. संसदेच्या वाहिनीने संविधानाची गाथा सांगणे यात गौरवाचा पक्ष अनुस्यूत आहेच. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात स्वतः आंबेडकरांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. अशा मालिकेने तो विसरता कामा नये. परंतु संविधान सभेच्या इतिहासातच एक नाट्यधर्म आहे. तेथे मतभेद हेच कथानक आहे. हरी विष्णू कामत यांनी आणीबाणीच्या तरतुदींना कडाडून विरोध केला. मतदानात ते हरले. १९७५ मध्ये त्यांच्या शंकेचा अर्थ देशाला कळला. हरलेल्याचे म्हणणे इतिवृत्तात शब्दशः नोंदवलेले होते, म्हणूनच ते पुढे वाचता आले.

राज्यकारभाराच्या नाट्याकडून अपेक्षा आहे ती एवढीच. त्याने हव्या त्या बाजूने उभे राहावे, त्वेषाने उभे राहावे. पण जो त्या नाट्यात हरणार आहे, त्याचेही म्हणणे पुरतेपणी नोंदवावे. आज हरलेल्याचे म्हणणे उद्या कोणाच्या उपयोगी पडेल, हे ना लेखकाला ठाऊक असते, ना सत्तेला.