अंतेवासी आणि वेठ : विद्यार्थ्यांच्या उमेदवारीचा धर्मविचार

महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणाने एखाद्या कार्यालयात, कारखान्यात, वृत्तपत्रात किंवा वकिलाच्या हाताखाली काही आठवडे अथवा महिने राबावे आणि त्याचा मोबदला पैशाऐवजी अनुभवाच्या रूपाने घ्यावा, या रीतीला मराठीत 'उमेदवारी' हा जुना शब्द आहे. वैद्यक आणि अध्यापनाच्या अभ्यासक्रमांत तिला 'आंतरवासिता' म्हणतात, तर विद्यार्थ्यांच्या तोंडी 'इंटर्नशिप' हाच शब्द रुळला आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अशा कामाला श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे एकक, मिळू लागल्यामुळे पूर्वी जी गोष्ट हौशीची होती ती पुष्कळांच्या बाबतीत पदवीची अट झाली आहे. जे काम टाळता येत नाही आणि ज्याचे वेतनही मिळत नाही, असे काम दुसऱ्याकडून करून घेणे धर्म्य आहे काय, म्हणजे न्यायाला आणि कर्तव्याला धरून आहे काय, असा प्रश्न त्यातून उभा राहतो. या प्रश्नाला समारंभांतून आणि मार्गदर्शनपर भाषणांतून पुष्कळदा एकच उत्तर दिले जाते, आणि ते गीतेच्या निष्काम कर्माचे असते: तरुणांनी फळाकडे न पाहता काम करावे, फळ आपोआप येईल. हे उत्तर तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण ज्या ग्रंथाच्या आधारावर ते दिले जाते तो ग्रंथ ते तसे देत नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, असे जे सांगितले आहे ते कर्म करणाऱ्याला उद्देशून आहे. अर्जुनाच्या मनात परिणामांच्या भीतीने जो गोंधळ उडाला होता त्यावरचा तो उपाय होता. अर्जुनाकडून फुकटात काम करून घेऊ पाहणारा कोणी तेथे उभा नव्हता. फलत्याग ही ज्याची त्याने करावयाची गोष्ट आहे, आणि एकाने दुसऱ्याच्या वतीने त्याग केला तर त्याला त्याग हे नाव उरत नाही. यजमानाने पाहुण्याच्या उपवासाचे पुण्य मिरवावे तसा तो प्रकार होतो. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त लोकमान्य टिळकांनी गीतेचा कर्मयोगपर अर्थ विस्ताराने मांडला तेव्हा त्यांचा सारा भर कर्त्याच्या बुद्धीवर होता: कर्म तेच राहते, करणाऱ्याची वासना बदलते. या मांडणीतून काम देणाराची देणी माफ होतात, असा निष्कर्ष कोणत्याही अंगाने निघत नाही.

उलट गीतेच्या तिसऱ्या अध्यायात काम घेणाऱ्यासाठी स्वतंत्र वचन आहे आणि ते अत्यंत कडक आहे. यज्ञचक्राचे वर्णन करताना तेथे असे म्हटले आहे की देव आणि माणसे एकमेकांना पोसतात, आणि ज्यांच्याकडून मिळाले त्यांना परत न देता जो एकटाच उपभोग घेतो तो चोर होय. यज्ञ या शब्दाचा अर्थ येथे होमहवनापुरता मर्यादित नाही. परस्परांच्या देवाणघेवाणीवर जग चालते ही त्यामागची कल्पना आहे. तेव्हा उमेदवाराला दुसऱ्या अध्यायाचा उपदेश करणाऱ्या संस्थाचालकाने स्वतःसाठी तिसरा अध्याय वाचला पाहिजे. दोन्ही अध्याय एकाच ग्रंथातले आहेत आणि त्यांतला एक दुसऱ्याला सोडून वाचता येत नाही.

प्राचीन गुरुकुलात शिष्य वेतनाविना राबत असे, मग आजच्या उमेदवाराने का राबू नये, असा आक्षेप यावर घेतला जाईल. हा आक्षेप गंभीरपणे घ्यावा असा आहे, कारण छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात याच विषयावरच्या दोन कथा लागोपाठ आल्या आहेत. पहिली सत्यकाम जाबालाची आहे. हारिद्रुमत गौतमाने त्याचे उपनयन केले आणि चारशे कृश, दुबळ्या गाई त्याच्या स्वाधीन केल्या. त्यांच्या हजार झाल्याशिवाय परतणार नाही असे सांगून सत्यकाम रानात गेला. पुष्कळ वर्षे लोटली. परतीच्या वाटेवर बैल, अग्नी, हंस आणि मद्गू नावाचा पाणपक्षी यांनी त्याला ब्रह्माचा एकेक पाद सांगितला, तरीही घरी आल्यावर त्याने गुरूकडेच विद्या मागितली आणि गुरूने काहीही न वगळता ती त्याला दिली. येथे कष्ट आहेत, मोबदला नाही, पण शेवटी विद्या पुरी मिळाली आहे, आणि कथेचे समाधान त्या पुरेपणात आहे.

दुसरी कथा कमी सांगितली जाते, आणि प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने ती अधिक मोलाची आहे. तोच सत्यकाम पुढे आचार्य झाला. उपकोसल नावाच्या शिष्याने त्याच्या घरी बारा वर्षे अग्नींची सेवा केली. बाकीच्या शिष्यांचे समावर्तन, म्हणजे शिक्षण संपवून घरी पाठवण्याचा विधी, झाले, पण उपकोसलाला आचार्याने ना विद्या सांगितली ना निरोप दिला. आचार्यपत्नीने पतीला स्पष्ट सांगितले की या मुलाने अग्नींची चांगली सेवा केली आहे, अग्नींनी तुम्हाला दोष देण्यापूर्वी त्याला शिकवा. तरी सत्यकाम काही न सांगता प्रवासाला निघून गेला. दुःखाने उपकोसलाने अन्न सोडले. तेव्हा ज्यांची त्याने सेवा केली होती त्या अग्नींनीच आपसांत ठरवून त्याला विद्या सांगितली, आणि परतल्यावर आचार्याला उरलेला भाग सांगावा लागला. ज्याने स्वतः गाई राखल्या त्यालाच आपल्या शिष्याचे बारा वर्षांचे ऋण दिसेनासे झाले, हे उपनिषदाने लपवलेले नाही. शिष्याच्या सेवेतून गुरूवर ऋण निर्माण होते, आणि ते फेडले गेले नाही तर दोष गुरूकडे जातो, असा या कथेचा सरळ अर्थ आहे. 'सध्या फाइली लावा, पुढे पाहू' असे ऐकत ज्याचा पूर्ण कालावधी संपतो त्या विद्यार्थ्याची स्थिती उपकोसलाहून वेगळी नाही, एवढेच की त्याच्या मदतीला अग्नी येत नाहीत.

ही जाण पुढे धर्मशास्त्राने नियमांच्या रूपात बांधली. नारदस्मृतीत सेवा करणाऱ्यांचे पाच वर्ग केलेले आहेत: वेदविद्या शिकणारा शिष्य, कारागिरी शिकणारा अंतेवासी, वेतनावर काम करणारा भृतक, कामांवर देखरेख ठेवणारा अधिकर्मकृत आणि दास. यांपैकी अंतेवासी, म्हणजे गुरूच्या सन्निध राहणारा, हा आजच्या उमेदवाराचा खरा पूर्वज होय. त्याच्यासंबंधी स्मृतीने घातलेल्या अटी थोड्या पण नेमक्या आहेत. त्याने आप्तांच्या संमतीने यावे आणि राहण्याची मुदत आधी ठरवून घ्यावी; आचार्याने त्याला आपल्या घरी जेवू घालून शिकवावे, शिल्पाखेरीज दुसरे काम त्याच्याकडून करून घेऊ नये आणि त्याला पुत्राप्रमाणे वागवावे. याज्ञवल्क्यस्मृती दुसरी बाजूही सांगते: कौशल्य लवकर हाती आले तरी ठरलेली मुदत अंतेवासीने पुरी करावी, त्या काळात गुरूच्या घरचे अन्न घ्यावे आणि आपल्या कामाचे उत्पन्न गुरूला द्यावे. शिकवणाऱ्या निर्दोष गुरूला सोडून जाणाऱ्यास नारदाने कठोर शिक्षा सांगितली आहे, आणि ती आज कोणालाही मान्य होणार नाही. परंतु त्या वचनातही गुरू शिकवणारा आणि निर्दोष असावा ही अट आहेच. मुदत, अन्न, शिक्षण आणि अन्य कामाला मनाई या चार गोष्टी असतील तर वेतनाविना केलेले काम धर्म्य, आणि त्या नसतील तर तो मनुष्य अंतेवासी नसून भृतक ठरतो व त्याला वेतन द्यावे लागते. वेतन आधी ठरलेले नसेल तर काय, याचेही उत्तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे: शेतावर राबणाऱ्याला पिकाचा, गुराख्याला तुपाचा आणि व्यापाऱ्याच्या नोकराला मालाचा दहावा भाग मिळावा. काहीच ठरले नव्हते म्हणून काहीच देणे नाही, ही सबब त्या काळीही चालत नव्हती.

वेतन नाही, शिक्षण नाही आणि नकार देण्याची सोय नाही, अशा कामाला मराठीत 'वेठ' म्हणतात. भारतीय संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली आहे. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करायला माणूस तयार होतो तेव्हा त्यामागे गरिबीची सक्ती असते, आणि अशी सक्तीही त्या अनुच्छेदात येते. हा निर्णय उमेदवारांना जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार नोंदलेला उमेदवार कामगार नसून प्रशिक्षणार्थी मानला जातो. पण त्यातला विचार कायद्याच्या चौकटीपेक्षा मोठा आहे. संमती दिसली म्हणजे स्वातंत्र्य होते असे नव्हे, आणि श्रेयांक अडकलेले असताना दिलेली संमती कितपत मोकळी आहे हे प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःला विचारायला हवे.

शिवाय विनावेतन अनुभव सर्वांना सारखा परवडत नाही. मुंबईत स्वतःचे घर असलेल्या मुलीला तीन महिने फुकट काम करता येते. गडचिरोलीहून किंवा जतहून आलेल्या मुलाला त्याच तीन महिन्यांचे खोलीभाडे आणि खानावळीचे पैसे उभे करावे लागतात, आणि सुट्टीत शेतावर किंवा दुकानात मिळणारी कमाई बुडते ती वेगळीच. अशा वेळी संधी खुली आहे असे म्हणणे अपुरे आहे. जाती ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिले होते. अनुभवाची दारे ऐपतीप्रमाणे उघडू लागली तर तीच विभागणी नव्या वेषात चालू राहते. एकलव्याची कथा येथे आठवणे भाग आहे, कारण द्रोणाने त्याला काहीच शिकवले नव्हते आणि दक्षिणा मात्र अंगठ्याची घेतली. जेथे शिकवणे शून्य आणि घेणे पूर्ण, तेथे गुरुशिष्यपरंपरेचा आधार सांगण्याचा अधिकार कोणाला नाही.

महाराष्ट्राला याहून चांगली परंपरा आहे. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहू-जेवू लागली, आणि श्रम करून शिक्षणाचा खर्च भागवण्याची जी पद्धत त्यांनी रुजवली ती 'कमवा व शिका' या नावाने आजही विद्यापीठांतून चालते. या योजनेत कमावणे आधी येते. श्रमाचे मोल दिल्याने विद्यार्थ्याची ज्ञाननिष्ठा कमी होते असे भाऊरावांना कधी वाटले नाही. अलीकडच्या काळात शासनानेही हे तत्त्व काही प्रमाणात स्वीकारले आहे: २०२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या इंटर्नशिप योजनेत दरमहा ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये देण्याचे ठरले, तर त्याच वर्षी राज्याने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले. शहरातील भाडे पाहता या रकमा तोकड्या आहेत, पण अंतेवासीला जेवू घालावे हे जुने कर्तव्य त्यांतून निदान मान्य झाले आहे.

मग निष्काम कर्माला विद्यार्थ्याच्या जीवनात स्थान नाही काय? आहे, आणि फार मोठे आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली व जी साने गुरुजींनी उतरवून घेतली, त्यांत फलत्यागी माणसाचे कर्म अधिक उत्कृष्ट होते असा विचार आहे, कारण त्याचे लक्ष फळाकडे पळत नाही. प्रमाणपत्रांची संख्या वाढवण्यासाठी एका महिन्यात तीन ठिकाणी नाव नोंदवणारा विद्यार्थी कोठेच काही शिकत नाही. त्याचे कर्म मीमांसेच्या भाषेत काम्य, म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेले, आणि तेही अर्धवट असते. हाती घेतलेला एक हिशेब, एक अहवाल, एक रुग्ण यांत मन पूर्ण घालणे ही निष्कामता त्याने अवश्य अंगी बाणवावी. मात्र ती त्याची स्वतःची साधना आहे, आणि तिचा व्यवहारातला लाभ दुसऱ्या कोणी हिशेबात धरू नये.

महाविद्यालयात मिळणाऱ्या नेतृत्वाच्या संधींबद्दलही काम्य आणि निष्काम कर्मातला हाच भेद लागू पडतो. गीतेचा त्यासाठीचा शब्द 'लोकसंग्रह' असा आहे, आणि शंकराचार्यांनी त्याचा अर्थ लोकांना आडमार्गाला जाण्यापासून आवरणे असा केला आहे. ज्ञानेश्वरांनी तिसऱ्या अध्यायात त्यासाठी आंधळ्याबरोबर चालणाऱ्या डोळसाचा दृष्टांत दिला आहे: त्याला स्वतःला लवकर पोचता येत असते, तरी तो सोबत्याच्या चालीने चालतो. विद्यार्थी परिषदेतील पद, राष्ट्रीय सेवा योजनेतील गटाची जबाबदारी, स्नेहसंमेलनाचे सचिवपद यांचे मोल या कसोटीवर ठरावे. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची मूळ भूमिका 'मी'च्या आधी 'तुम्ही' ठेवण्याची आहे, आणि खेड्यातील शिबिरात शोषखड्डा खणताना शेवटच्या मुलाला कुदळ धरायला शिकवणारा गटप्रमुख लोकसंग्रह करत असतो, मग त्याच्या नावापुढे पद लागो वा न लागो.

महाभारताच्या आदिपर्वात धौम्य ऋषींच्या तीन शिष्यांची कथा आहे. आरुणी शेताचा बांध अडवण्यासाठी स्वतः आडवा पडला आणि उपमन्यू भुकेपायी रुईची पाने खाऊन आंधळा झाला, हे सर्वांना पाठ असते. तिसऱ्या शिष्याचे, वेदाचे, नाव क्वचितच घेतले जाते. तो बैलासारखा ओझे वाहत, भूक-तहान आणि थंडी-ऊन सोसत गुरूच्या घरी दीर्घकाळ राहिला. पुढे तो स्वतः आचार्य झाला आणि त्याच्याकडेही तीन शिष्य आले. गुरुगृही राहण्याचे दुःख त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने आपल्या शिष्यांना कष्टाच्या कामाला कधी जुंपले नाही.