परस्पर बदललेली तारीख

मार्चअखेरची धावपळ सगळ्यांनी पाहिली आहे. ज्या कामांना दंड आहे, व्याज आहे, ती रात्री जागून उरकली गेली. त्याच फोनमधल्या त्याच यादीतली ‘सुताराचे उरलेले पैसे देणे’ ही ओळ मात्र एप्रिलात सरकली, आणि विचारलं तर उत्तर तयार: “टाकलंय हो यादीत!” या उत्तराची मला मनापासून चीड येते. वेळ मिळाला नाही, तब्येत बरी नव्हती, विसरलो, ही कारणं निदान माणसाची वाटतात. पण सुताराने तुमच्या यादीचं काय करायचं? ती तुमच्या फोनमध्ये, कुलूप तुमच्या अंगठ्याचं. तिच्यावर किराणा मिळत नाही, मुलाची फी भरता येत नाही. तरी हे वाक्य असं ठासून सांगितलं जातं, जणू निम्मे पैसे त्याच्या हातात पडलेच आहेत.

सांगणाऱ्याला तसं खरोखरच वाटत असतं. अर्धवट राहिलेली कामं जास्त लक्षात राहतात, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये मांडलं. पुढे 2011 मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत आढळलं, की काम न करताही, ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत आखला तरी मनामागची भुणभुण थांबते. आपलं स्वतःचं काम असेल तर उत्तमच. पण देणं दुसऱ्याचं असतं तेव्हा भुणभुण आपली थांबते आणि खेटे त्याचे चालू राहतात. टूडूइस्ट या कामांच्या यादीच्या ॲपमध्ये मुदत उलटलेली कामं लाल अक्षरांत वर येतात. शेजारचं एक बटण दाबलं की सगळीच्या सगळी नव्या तारखेला जातात आणि लाल रंग नाहीसा होतो. कागदी डायरीत तीच ओळ पुन्हा हाताने उतरवावी लागे, आणि मागची पानं चाळली की किती वेळा उतरवली तेही दिसे.

अंदाज चुकतात, मग तारीख बदलायचीच नाही का, असं कोणी विचारेल. जरूर बदलावी. 1994 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी 34 दिवसांत होईल असं सांगितलं होतं. लागले 55 च्या वर. चुकणं माणसाचंच आहे, आणि यादी नसती तर कित्येक कामं साफ विसरली गेली असती, हेही मान्य. माझा आक्षेप तारीख परस्पर बदलण्याला आहे. दिलेल्या तारखेत समोरच्याचाही वाटा असतो. त्याने तिच्या भरवशावर कोणाला तरी पुढचा शब्द दिलेला असतो. सरकारी कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं महाराष्ट्राचा दप्तर दिरंगाईचा कायदा सांगतो, आणि टेबलापलीकडच्या कारकुनाला तो ऐकवताना आपला आवाज चांगला चढतो. मग तोच नियम स्वतःला लावून, ॲपमधल्या ‘उद्या’वर बोट ठेवण्याआधी सुताराला एक फोन करावा: या शुक्रवारी जमत नाही, पुढच्या शुक्रवारी नक्की, चालेल का? तो “नाही चालणार” म्हणाला, तर तारीख हलवायची नाही. एवढंही जड जात असेल, तर काम सांगतानाच पैशांचा भरवसा नाही म्हणून सांगून टाकावं. तो दुसरं गिऱ्हाईक तरी बघेल.