विश्वास, श्रद्धा, भरवसा
वाचन : मार्क ९:१४-२९, याकोब २:१४-२६



आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांची मुले आता इंग्रजी शिकतात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्या अभ्यासातून एक प्रश्न निघतो. फेथ, बिलीफ आणि ट्रस्ट असे तीन शब्द इंग्रजीत आहेत. त्यांतला कोणता कोठे घालावा? आणि आपल्या मराठी शास्त्रात बहुतेक ठिकाणी एकटा ‘विश्वास’च दिसतो, तर आपली भाषा गरीब म्हणावी काय? प्रश्न व्याकरणाचा दिसतो खरा, परंतु त्याच्या पोटी तारणाचा प्रश्न आहे. म्हणून आज त्याचा विचार करू.

गोदावरीला पूर आला आहे असे नांदेडहून आलेल्या मनुष्याने सांगितले आणि आपण ते खरे मानले, तर ते बिलीफ होय. घराची किल्ली शेजारणीच्या हाती देऊन आपण निश्चिंतपणे बाजारास गेलो, तर तो ट्रस्ट होय. बिलीफ सांगितलेल्या गोष्टीकडे पाहतो, ट्रस्ट माणसाकडे पाहतो. फेथ ह्या शब्दात ही दोन्ही अंगे येतात आणि तिसरे एक येते, ते म्हणजे निष्ठा. पतीपत्नीने एकमेकांशी शेवटपर्यंत राखावी तशी. मुलांनी एवढे ध्यानात ठेवले तर शब्द निवडताना त्यांची फारशी चूक होणार नाही.

परंतु येथे इंग्रजीची एक अडचण आहे. फेथ ह्या नामापासून रोजच्या वापराचे क्रियापद होत नाही; म्हणून इंग्रजी शास्त्रात नाम फेथ आणि क्रियापद बिलीव्ह, अशी दोन कुळांची जोडी लावावी लागली. नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला तीत असे नाही. तेथे नाम ‘पिस्तिस’ आणि क्रियापद ‘पिस्तेउओ’ ही एकाच मुळाची दोन पाने आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात तर नाम एकदाही येत नाही, क्रियापद मात्र शंभराच्या आसपास वेळा येते. जणू त्या प्रेषिताला विश्वास ही बाळगून ठेवण्याची वस्तू नसून करण्याची गोष्ट आहे, असेच सांगावयाचे होते. आपल्या मराठीतही ‘विश्वास’ आणि ‘विश्वास ठेवणे’ एकाच मुळाचे आहेत. तेव्हा ह्या एका बाबतीत आपली भाषा गरीब नाही; उलट ती मूळ ग्रीकाला इंग्रजीपेक्षा जवळ आहे.

आता आपल्या शब्दांची घडण पाहा. ‘श्रद्धा’ ह्या संस्कृत शब्दात अंतःकरण ठेवणे हा भाव आहे. ‘विश्वास’ हा ‘श्वस्’ धातूपासून झाला. मोकळेपणाने श्वास घेणे, निर्भय असणे, हा त्याचा मूळ भाव. आणि ‘इमान’ पाहा. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, दरबाराची भाषा उर्दू होती, आणि हा अरबी शब्द आपल्या ओठी सहज येतो. धन्याची राखण सोडीत नाही त्या कुत्र्यालाही आपण इमानी म्हणतो. इमान ज्या मुळापासून झाला त्याच मुळाचा इब्री भाषेतील एक शब्द आपण दर रविवारी उच्चारतो. तो कोणता, हे शेवटी सांगतो.

शब्दांची ही पारख व्यर्थ पांडित्य नव्हे. कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या, त्या रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पुष्कळ वर्षे शास्त्राचे मराठी भाषांतर केले. त्यांना संस्कृतप्रचुर भाषा लिहिता आली नसती असे नाही. तरी अल्पशिक्षित बायाबापड्यांना समजावे म्हणून त्यांनी साधी मराठी पत्करली. १९२२ साली ते काम संपवून त्या प्रभूकडे गेल्या. शब्द ऐकणाऱ्याच्या काळजापर्यंत पोहोचावा, ह्यासाठी त्यांनी आपले आयुष्य वेचले.

आता हाच शब्द आपल्या जिल्ह्याच्या मातीत पाहू. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूरकर विसरणार नाहीत. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते, गावे थकून निजली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली, आणि किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे जमीनदोस्त झाली. मातीत बांधलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऊन आणि चोर ह्यांपासून राखले, तीच निजलेल्यांच्या अंगावर आली. हजारो माणसे गेली.

पुढे नवी गावे वसली, भूकंपात टिकतील अशी घरे उभी राहिली. परंतु ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांतील पुष्कळांना छताखाली निजण्याची धास्ती वाटत राहिली. अशा एका मनुष्याची कल्पना करा. इंजिनियराने त्याला सांगितले की, ह्या भिंतींत लोखंड आहे, हे घर पडणार नाही. त्याने ते मानले. तो ते इतरांनाही समजावून सांगू लागला. तरी रात्र झाली की तो आपले अंथरूण अंगणात घालतो. त्याच्याजवळ बिलीफ आहे. भरवसा अजून नाही. ज्या रात्री तो लेकरांना घेऊन त्या छताखाली निजेल आणि त्याचा श्वास मोकळा चालेल, त्या रात्री त्याचा ‘विश्वास’ पुरा झाला असे म्हणावे.

त्या मनुष्याला कोणी हसू नये. त्याचे भय फार महागाचे आहे. आणि जे गेले ते अधिक पापी होते असेही कोणी म्हणू नये. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले तेव्हा प्रभूने हाच तर्क खोडून काढला, आणि ऐकणाऱ्यांना स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळविले. आपणही स्वतःकडेच वळू. आपल्यापैकी किती जण देवाच्या घराविषयी सर्व काही खरे मानतात, आणि निजतात मात्र अंगणात? विश्वासांगीकार तोंडपाठ आहे. पण लेकरू तापाने फणफणले की गुपचूप गंडादोरा बांधला जातो. देव पुरवितो असे गातो. पण पाऊस लांबला की मापात खोट करतो. याकोब म्हणतो की, देव एक आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात. त्यांचे मानणे खरे आहे, पण त्यात मोकळा श्वास नाही.

मराठीचे व्याकरणच येथे आपणांस उपदेश करिते. गोष्ट आपण खरी ‘मानतो’. पण विश्वास माणसा‘वर’ ‘ठेवतो’, ‘टाकतो’. डोक्यावरचा भारा जसा ओट्यावर टाकावा, तसा. भारा डोक्यावर घट्ट धरून ओट्याच्या बळकटीचे कितीही गुण गाइले तरी मानेला विसावा मिळत नाही.

कोणी म्हणेल, माझा विश्वास अर्धाच आहे, मी काय करू? मार्काच्या नवव्या अध्यायातील तो बाप पाहा. लेकरू आगीत पडते, पाण्यात पडते. शिष्यांना काही करता आले नाही. तो प्रभूपुढे रडत कबूल करितो की, विश्वास आहे, पण त्यातला अविश्वास तूच काढ. प्रभूने त्याच्या विश्वासाचे वजन केले नाही. त्याचे लेकरू बरे केले. कारण छत टिकते ते निजणाऱ्याच्या धैर्यामुळे नव्हे, बांधणाऱ्याच्या कामामुळे. भीतभीत आत शिरलेल्यालाही ते तितकेच राखते.

आणि ज्याने प्रभूवर भार टाकला, त्याच्यावर गावानेही भरवसा टाकावा असे त्याचे जिणे असावे. ग्रीक ‘पिस्तिस’चा अर्थ विश्वास तसाच विश्वासूपणाही होतो. मोंढ्यात, शेतात, शाळेत, ख्रिस्ती मनुष्याने दिलेला शब्द खरा ठरावा; इमान राखिले म्हणजे शुभवर्तमान न बोलताही ऐकू जाते.

तो इब्री शब्द सांगावयाचा राहिला. तो ‘आमेन’ होय. ‘हे पक्के आहे, ह्यावर पाय रोवता येतो’ असा त्याचा भाव. प्रार्थनेच्या शेवटी सवयीने तो उच्चारतो त्या क्षणी प्रत्येकाने मनाला विचारावे : माझे अंथरूण आज कोठे आहे, अंगणात की आत?

हे प्रभो, तुझे घर बळकट आहे हे आम्ही जाणतो. आमचे भय तू जाणतोस. आम्हांस हात धरून आत ने, आणि तुझ्या छायेत मोकळा श्वास दे. आमेन.