या वयात ऑपरेशन कशाला?



गेल्या पावसाळ्यात एक आजी मोरीजवळच्या ओल्या शहाबादी फरशीवर घसरून पडल्या. वय ७८. घरच्यांना वाटले मुका मार असेल, म्हणून दोन दिवस लेप लावला, हाडवैद्याला दाखवले, तेव्हा कुठे दवाखाना आठवला. (जाता जाता सांगतो: म्हातारे माणूस पडल्यावर पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेर वळलेले असेल आणि उभे राहता येत नसेल, तर लेप लावत बसू नका. खुब्याचे हाड मोडलेले असू शकते. ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावे, असे डॉक्टर सांगतात.) मी नगरला पोहोचलो तेव्हा मुलगा व्हरांड्यात उभा होता. म्हणाला, "फादर, आई नको म्हणती. आम्हाला पण वाटतं, या वयात ऑपरेशन कशाला? नाही केलं तर पाप लागंल का?"

प्रश्न प्रामाणिक होता. आणि गंमत अशी की चर्चमध्ये हा प्रश्न मुळात पायावरूनच निघाला. १६ व्या शतकात स्पेनमधील डॉमिनिकन संघाचे धर्मपंडित डोमिंगो दे सोतो यांनी विचारले होते: जीव वाचवण्यासाठी पाय कापून घ्यायला माणूस बांधील आहे का? मठाचा वरिष्ठ आज्ञापालनाच्या व्रताखाली तशी सक्ती करू शकतो का? त्यांचे उत्तर होते, नाही. त्या काळी भूल नव्हती, करवतीखालच्या वेदना माणसाच्या सहनशक्तीपलीकडच्या होत्या. पुढे त्यांच्याच संघाच्या डोमिंगो बान्येझ यांनी यातून 'साधारण' आणि 'असाधारण' उपाय असा भेद मांडला. साधारण उपाय करणे कर्तव्य, असाधारण उपायाची सक्ती नाही. पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी डॉक्टरांपुढे बोलताना हाच भेद पुन्हा सांगितला. ज्या उपायाने स्वतःवर किंवा दुसऱ्यावर भारी ओझे पडत नाही तो साधारण, आणि हे माणूस, ठिकाण व काळ पाहून ठरवायचे.

सेमिनरीत शिकलेले हे सारे मी त्या व्हरांड्यात थोडक्यात सांगितले. १८४६ पासून ईथरची भूल आली, आता तर कमरेत इंजेक्शन देऊन खालचे अंग बधिर करतात. तेव्हा सोतोंच्या काळचा पाय आणि आजींचा पाय एक नव्हे. ऑपरेशन केले नाही तर आजी लगेच जातील असे नाही, पण अंथरुणाला खिळतील. मग बेडसोर होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गाठी होतात. दुखणे राहतेच. मुलाने मान हलवली. उत्तर बरोबर होते, पण आत जाऊन आजींना विचारायचे तर राहूनच गेले होते.

आत गेलो. आजींनी मुलाला बाहेर पाठवले. मला वाटले पैशाचे विचारतील. पैशाचे विचारलेही, पण लगेच म्हणाल्या, "फादर, मला संडासला कोण नेईल? सुनेनं माझी घाण काढायची?" त्यांचे 'नको' ऑपरेशनला नव्हतेच. मरणालाही त्या घाबरत नव्हत्या. म्हातारी माणसे 'राहू द्या, खर्च करू नका' म्हणतात तेव्हा आपण तो त्यांचा निर्णय समजतो. कधी आपल्याला तो सोयीचाही असतो. पुष्कळदा तो निर्णय नसून प्रश्न असतो: मी तुम्हाला जड होईन का?

सुनेला मी हे सांगितले. ती गोड बोलली नाही. म्हणाली, "माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच काढली, मी काय नाही म्हणते का? पण मी कामाला गेले नाही तर रोज बुडतो." पायस बाराव्यांच्या बोलण्यातला तो 'दुसरा' आपल्या घरांत कोण असतो, हे मला तिथे कळले. ऑपरेशन तासा-दोन तासांचे. पुढचे तीन-चार महिने रात्री उठवणे, अंघोळ, कपडे, शौचाचे भांडे हे सगळे एकटीवर. मुलगा बिल भरतो, औषधे आणतो, डॉक्टरांशी बोलतो आणि त्याला वाटते आपले झाले. साधारण सेवा एकाच माणसाच्या पाठीवर टाकली की तीच असाधारण होते. मग ओझे आजींचे म्हणायचे, की आपल्या वाटणीचे?

ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून त्यांना उभे केले, तर घरचे घाबरले. आपली माया अशी की 'पडून राहा, काही करू नका' म्हणतो आणि त्यातच उरलेली ताकद घालवतो. घरी खोलगट बाज काढून उंच पलंग ठेवला, कारण खाली बसलेल्या माणसाला त्या पायावर उठवत नाही. कमोडची खुर्ची आणली. एक शेजारीण दोन तास बसू लागली.

पाय पहिल्यासारखा होईल का, हे आजी विचारत राहतात. खोटे सांगवत नाही. पोप जॉन पॉल दुसरे एप्रिल १९९४ मध्ये, ७३ व्या वर्षी, न्हाणीघरात घसरले, उजव्या मांडीचे हाड मोडले. रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात कृत्रिम सांधा बसवला. डोंगर चढणारा, बर्फात स्कीइंग करणारा तो माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालला नाही. पण काठी घेऊन ते जगभर फिरले, नोव्हेंबर १९९९ मध्ये दिल्लीलाही आले. आजी हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला चालत जायच्या. आता चालत जाणे होणार नाही. गाडीतून जाता येईल, असे मी म्हणालो. त्यांना ते फारसे पटले नाही.

गेल्या महिन्यात कम्युनियन घेऊन गेलो तेव्हा सून कामावर होती. आजींनी खुर्चीकडे खूण केली आणि मी अंगणात आलो. थोड्या वेळाने मुलगा भांडे घेऊन बाहेर आला, पाणी ओतले, हात धुतले. आत आजींनी तोंड भिंतीकडे वळवले होते. तो काही बोलला नाही. मला म्हणाला, "फादर, बसा, च्या टाकतो."